तीन दाते तुटलेली कानस

मी एक कानस आहे. दहा इंची, चपटी, मध्यम दात्यांची. माझी एक कड मुद्दाम गुळगुळीत ठेवली आहे, म्हणजे कोपऱ्यात काम करताना शेजारचा भाग खरवडला जात नाही. ओळख म्हणून एवढं पुरे. माझ्यासारख्या हजारो आहेत आणि त्यांतल्या एकीनेही कधी तोंड उघडलेलं नाही. मी उघडते आहे, कारण माझ्यामुळे एक बाई जिन्यावरून पडली आणि त्याचा आळ दुसऱ्याच बाईवर आला. आळ आला तेव्हा मी तिथेच होते. सगळं पाहत होते.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची पट्टी तापवून, ठोकून मला आकार दिला. मी मऊ असतानाच छिन्नीने अंगावर एकेक दाता उठवला. मग मिठाचा लेप लावून लालभडक होईपर्यंत तापवलं आणि एकदम पाण्यात बुडवलं. याला पाणी देणं म्हणतात. त्या एका क्षणात मी कडक झाले आणि त्याच क्षणी ठिसूळही झाले. लोकांना माझा कडकपणा तेवढा ठाऊक असतो. लोखंडाची वस्तू आहे, हिला काय होणार, असं म्हणून ते मला कुठेही टाकतात. खरं तर माझा दाता काचेसारखा असतो. मऊ लोखंडावर तो आयुष्यभर चालेल; पण दुसऱ्या कानशीवर आपटला की तिचा दाता माझा घास घेतो, माझा तिचा.

कारखान्यातून मी आले ती एका इस्पितळाच्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे गाद्या आणि चादरी ठेवत. आता तिथे पायात बळ नसलेल्या माणसांसाठी कॅलिपर बनत. मांडीपासून टाचेपर्यंत दोन बाजूंना दोन पोलादी पट्ट्या, त्यांना चामड्याचे पट्टे, खाली बूट आणि गुडघ्यापाशी सांधा. सांध्यावर दोन्हीकडे एकेक कडी. माणूस उभं राहिलं की कडी खाली सरकून सांध्याला आवळून धरते, मग गुडघा वाकत नाही. बसायचं असेल तेव्हा बोटाने कडी वर ओढायची. इतकं साधं. पण कडी जिथे बसते ती खाच अगदी सपाट लागते. केसभर उतरती झाली तरी चालता चालता कडी हळूहळू वर सरकते. आणि ती खाच कानशीने करायची असते.

खोली एवढीशी. एक टेबल, त्यावर लोखंड घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, भोकं पाडायचं यंत्र, चामडं शिवायचं यंत्र, एक लोखंडी कपाट आणि कपाटापलीकडे अवजारांच्या खणाचं एक अवजड धूड. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली की तिसऱ्याने दारातच थांबायचं.

या खोलीचे राजे होते मिस्त्री. त्यांचं नाव कुणी घेत नसे, साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते मिस्त्रीच. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने बांधलेला, बोटं जाडजूड. पण त्या बोटांसारखी बोटं मी नंतर पाहिली नाहीत. एखादं मूल बाहेरून चालत आलं की नुसत्या बुटाच्या आवाजावरून म्हणायचे, "डावीकडची पट्टी पाव इंच लांब झालीय. बस इथे." आणि खरंच तेवढीच लांब असायची.

एवढ्या गुणी माणसाला एक खोड होती. काम झालं की मान न वळवता हात मागे न्यायचे आणि कानस खणात टाकायचे. खण्ण! आम्ही एकतीस जणी होतो त्या खणात. चपट्या, गोल, अर्धगोल, तिकोनी, उंदराच्या शेपटीएवढ्या बारीक. आमच्याबरोबर स्क्रू, वायसर, एक हातोडी, खडूचे तुकडे आणि कधीचं तरी एक चाक. खण उघडला की आम्ही सगळ्या पुढे घसरायचो, बंद केला की मागे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. दर वेळी कुणाचा ना कुणाचा दाता जायचा. आमच्यात एक जाडजूड खरबरीत कानस होती, तिला आम्ही थोरली म्हणायचो. बिचारीचा स्वभाव वाईट नव्हता, वजन वाईट होतं. एके दुपारी मिस्त्रींनी तिला टाकलं ती बरोबर माझ्या कमरेवर. माझे तीन दाते तुटले. मिस्त्रींना पत्ताही लागला नाही.

अशातच छकुलीची आई त्या खोलीत आली.

तिचंही नाव मला ठाऊक नाही. लेकीच्या नावानेच तिला सगळे हाक मारायचे. छकुली तेव्हा पाच वर्षांची, दोन्ही पाय लुळे. आई तिला घेऊन यायची आणि माप देऊन झालं की दारात बसून राहायची, काम संपेपर्यंत. बसून बसून तिने मिस्त्रींना पाहिलं. एकदा ते गोल कानस शोधत होते. खण उपसला, पुन्हा भरला, पुन्हा उपसला.

तिला राहवलं नाही. "मिस्त्री, रागावू नका. पण तुम्ही कामापेक्षा शोधाशोधच जास्त करता."

मिस्त्रींनी चष्म्यावरून बघितलं. "मग या आत आणि द्या शोधून."

ती आत आली. अर्ध्या मिनिटात गोल कानस त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "आलेच आहे तर जमीन झाडून घेते. लोखंडाचा कीस पोरांच्या पायात जातो." त्या दिवशी आत आलेली बाई पुढच्या महिन्यात मदतनीस म्हणून रीतसर कामाला लागली.

मिस्त्रींनी तिला कानस धरायला शिकवलं. "पुढे जाताना भार द्यायचा. मागे येताना अगदी हलकं. मागे येताना रगडलंत तर काम होत नाही, नुसती कानस झिजते."

"हलकं म्हणजे किती हलकं?"

"लेकराची पाठ थोपटता ना, तेवढं."

तिला लगेच समजलं. तिच्या हातात मी गेले की मला बरं वाटायचं. आधी ती ब्रशने माझे दाते साफ करायची, मग खडू घासायची, म्हणजे कीस दात्यांत अडकत नाही. वर्षाभरात मिस्त्री तिला खाचेचं काम द्यायला लागले. एका सांध्याची एक बाजू ते करत, दुसरी ती. तयार झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची हे सांगता यायचं नाही.

खणाबद्दल ती सारखी बोलायची. "यांना एकेकीला वेगळं ठेवायला हवं. बघा, या अर्धगोलाचे दाते कसे चेपलेत."

मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. "जागा कुठाय? डोक्यावर ठेवू?"

मग ती हसायची आणि विषय तिथेच राहायचा.

तो शनिवार मला चांगला आठवतो. पोस्टातल्या बाईंचा कॅलिपर करायचा होता. त्या पोस्टाच्या खिडकीवर बसायच्या, तिशी-पस्तिशीच्या असतील. लहानपणापासून कॅलिपर घालून चालणाऱ्या. जुन्याचा सांधा तुटला होता आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. बाहेर बाकावर सात-आठ माणसं खोळंबलेली. इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई दोनदा डोकावून गेल्या. "मिस्त्री, पोस्टातल्या बाईंचं आज होतंय ना?"

"होतंय, होतंय."

छकुलीच्या आईने आपली खाच पूर्ण केली. मिस्त्रींनी आपली पट्टी व्हाइसमध्ये आवळली, हात मागे नेला आणि जी हाताला लागली ती उचलली. ती मी होते.

मी चालेना. बोथट कानस लोखंडाला धरत नाही, त्याच्यावरून घसरते, आणि तिचा आवाजही पातळ, किंचाळल्यासारखा येतो. मिस्त्रींच्या कानांना तो कळणार नाही असं होणंच शक्य नव्हतं. त्यांना कळलाही. ते क्षणभर थांबले आणि खणाकडे बघितलं. दुसरी शोधायची म्हणजे पुन्हा सगळं उपसायचं. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. त्यांनी मान फिरवली आणि माझ्यावरच जोर वाढवला. जोराने मी एका बाजूला जास्त दाबली गेले. खाच उतरती झाली. जिथे माझे तीन दाते नव्हते तिथे एक बारीक उंच रेघ तशीच राहून गेली.

त्यांनी पट्टी उजेडात धरली. डोळे बारीक केले.

"बसेल," म्हणाले.

कडी बसली. पोस्टातल्या बाई दोन फेऱ्या मारून हसत निघून गेल्या.

अकराव्या दिवशी त्या पोस्टाच्या पायऱ्या उतरताना पडल्या. कडी वर सरकली होती. गुडघा एकदम दुमडला, त्या पाच पायऱ्या गडगडत खाली आल्या आणि उजवं मनगट मोडलं. कॅलिपर परत आला तो वाकडा झालेला. पट्ट्या सुट्या करून डॉक्टरीणबाईंनी त्यांतली एक टेबलावर ठेवली.

"हिची खाच उतरती आहे. कुणी केली होती?"

छकुलीच्या आईने पट्टीकडे पाहिलं. जोडण्याआधी दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. आपण कुठली केली ते तिला ठरवता येईना.

मिस्त्रींनी पट्टी उचलली. त्यांचा अंगठा खाचेवरून फिरला आणि मध्येच थांबला. त्या रेघेवर. इतकी वर्षं कानशी चालवलेल्या माणसाला ती रेघ म्हणजे सही होती. त्यांना सगळं समजलं. त्यांचा अंगठा उचलला जात नव्हता, हे मी टेबलावरून पाहत होते. मला वाटलं, आता बोलतील.

ते बोलले. "ती अजून शिकतेय," ते म्हणाले.

एवढंच. खोटं असं त्यात काही नव्हतं. ती शिकतच होती.

"मग तिच्या हातात खाच द्यायचीच कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. छकुलीच्या आईकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही उद्यापासून येऊ नका. मला दुसरं काही करता येणार नाही."

"नाही, बरोबरच आहे," ती म्हणाली. "माझ्याच हातून झालं असेल. त्या दिवशी घाई होती. हात हलला असेल माझा."

तिचा हात हलला नव्हता. ओरडून सांगावं असं वाटलं, पण कानशीला ओरडता येतं ते लोखंडावर, माणसांसमोर नाही. तिने व्हाइस पुसला, अंगावरचा एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला आणि मिस्त्रींना म्हणाली, "तुमचं नाव खराब केलं मी." मग गेली.

मिस्त्रींनी मला उचललं, नीट बघितलं आणि खणाच्या अगदी तळाशी खुपसलं. वर थोरली, वर हातोडी.

आठ महिने मी तिथे होते. अंधारात मला गंज चढला. वरून आवाज तेवढे यायचे. मिस्त्री पूर्वी काम करताना स्वतःशी गुणगुणायचे, ते बंद झालं. एकेक खाच दोन-दोनदा घासायचे. बाहेरची रांग वाढत चालली होती. दुसरा मदतनीस देऊ का, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, तर नको म्हणाले. कधीकधी खण उघडून काहीच न घेता तसाच बंद करायचे.

मग एके दिवशी सकाळी बाहेर बाकावरून ओळखीचा आवाज आला. छकुली. आता ती आठ वर्षांची होती.

"आई, आपण बाहेर का बसायचं? आत जाऊ की."

"नंबर आला की जायचं."

"पण ही तर आपलीच खोली आहे!"

 नंबर आल्यावर दोघी आत आल्या. छकुली तीन बोटं उंच झाली होती, पट्ट्या तोकड्या पडत होत्या. मिस्त्रींनी खाली मान घालून माप घेतलं. मग म्हणाले, "पुढच्या बुधवारी या."

छकुलीची आई उठली नाही. "मिस्त्री, एक सांगू? तेवढं ऐका माझं."

"काय?"

"हिची खाच तुमच्या हातची करा. दोन्ही बाजूंच्या. दुसरं कुणी शिकाऊ असेल तर त्याला देऊ नका. एकदा माझ्या हातून जे झालं ते हिच्या बाबतीत..." 

 मग खण उघडला. उघडला म्हणजे पूर्णच बाहेर ओढला गेला आणि टेबलावर पालथा झाला. एकतीस कानशी, हातोडी, स्क्रू, सगळं धडाधड कोसळलं. छकुली दचकून आईला बिलगली. मिस्त्रींनी त्या ढिगातून मला काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"ही बघा. मध्ये तीन दाते नाहीत. त्या खाचेवर रेघ होती बरोबर इथली. ती पट्टी मी केली होती. या कानशीने. बोथट आहे हे कळत असून मी ती चालवली. आणि ज्या दिवशी विचारलं त्या दिवशीही मला माहीत होतं."

तिने मला हातात घेतलं. दात्यांवरून बोट फिरवलं, त्या मोकळ्या जागेवर थांबवलं. 

मग ती हळूच म्हणाली, "आठ महिने मी हिच्या बुटाचा बंद बांधला नाही, मिस्त्री. पट्टे आवळले नाहीत. सगळं हिच्या बाबांना करायला लावलं. मला माझ्या हाताचा भरवसा वाटत नव्हता."

मिस्त्रींनी चष्मा काढला.

"तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत तर काय झालं असतं?" तिने विचारलं. "तुम्हाला काढलं असतं का?"

"नाही. मला कुणी काढलं नसतं. रागावले असते, बस्स. त्याचीच जास्त लाज वाटते."

तिने मला टेबलावर ठेवलं. छकुलीला उठवलं. दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "आधी डॉक्टरीणबाईंना सांगा. मग पोस्टातल्या बाईंना. त्यानंतर माझ्याशी बोला."

मिस्त्री त्याच पावली डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. परत आले तेव्हा डॉक्टरीणबाई पाठोपाठ होत्या. टेबलावरच्या त्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं. "इतकी वर्षं हे असं?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी मान हलवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छकुलीच्या आईला मी स्वतः बोलावते. चूक माझीही आहे. मी एकदाच विचारलं आणि पहिलंच उत्तर धरून बसले."

पोस्टातल्या बाईंकडे मिस्त्री जाणार होते, पण निरोप मिळताच त्या स्वतःच आल्या. मनगट जुळलं होतं, जरा वाकडं. शिक्के आता डाव्या हाताने मारतात, असं त्यांनीच सांगितलं. मिस्त्रींनी उभं राहून सगळं कबूल केलं. शेवटी हात जोडले.

"माफीचं काय ते मी नंतर ठरवीन," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "मला आधी एक सांगा. कडी नीट बसलीय की नाही, हे माझं मला कसं कळणार? घालणारी मी. पडणारीही मीच. मग तपासायला तुमच्यावरच का अवलंबून राहायचं?"

असा प्रश्न मिस्त्रींना आजवर कुणी विचारला नव्हता. ते त्यांच्यासमोर खाली बसले. कडी कशी दाबून बघायची, पाय सरळ ठेवून सांधा मागे-पुढे कसा हलवायचा, दहा पावलं चालून कडी वर सरकली का ते बोटाने कसं चाचपायचं, सगळं दाखवलं. बाईंकडून तीन वेळा करून घेतलं. त्या दिवसापासून त्या खोलीतून कॅलिपर नेणारा प्रत्येक जण, आठ वर्षांचं मूल असो की म्हातारा, कडी तपासायला शिकूनच बाहेर पडतो. माफ केलं की नाही, ते पोस्टातल्या बाई कधीच बोलल्या नाहीत. दर वर्षी येतात मात्र.

छकुलीची आई कामावर परतली ती एक अट घालून. "आधी तो खण बाहेर काढायचा."

"काढू," मिस्त्री म्हणाले. "पण जागा..." आणि त्यांनी जीभ चावली.

तिने भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीकडे बोट दाखवलं. जेमतेम सहा बोटांची फट. तिथे एक मोडकी छत्री आणि कोळिष्टकं.

"ही जागा."

"हिच्यात काय मावणार? मांजर शिरत नाही."

"आडवं काही मावणार नाही. उभं मावेल. घरी माझं ताटाळं एवढंच आहे. ताटं एकावर एक रचली तर अर्धा ओटा खातात आणि एकमेकांना घासतात. उभी केली की भिंतीला चिकटून राहतात."

इस्पितळाच्या सुताराकडून तिने एक फळी मागून आणली. उंची माणसाच्या छातीएवढी. खाली चार लहान चाकं, म्हणजे पुस्तक काढावं तशी ती फटीतून बाहेर ओढता येते. फळीच्या दोन्ही अंगांना तिने आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि पट्ट्यांना खाचा पाडल्या. कानशीचं पातं खाचेतून खाली लोंबतं आणि मूठ वर अडकते. दोन कानशींमध्ये एका बोटाचं अंतर. खाचांच्या कडांना चामड्याच्या कातरणी चिकटवल्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने तिची आकृती काढली. एखादी जागेवर नसली की फळीवर नुसती आकृती दिसते, शोधाशोध नको. पितळ आणि ॲल्युमिनियमवर चालणाऱ्या एका अंगाला, पोलादावर चालणाऱ्या दुसऱ्या अंगाला. तळाशी खडूच्या तुकड्यांची पुरचुंडी, दमट हवा शोषायला.

"तेलाचं बोट लावायचं का सगळ्यांना?" तिने विचारलं.

"नको. तेल लावलेली कानस घसरते," मिस्त्री म्हणाले. त्यांना एवढं तरी सांगता आलं याचं बरं वाटलेलं दिसलं.

एकतीसपैकी अकरा जणी तिने बाद केल्या. थोरली गेली. माझ्यापाशी ती थांबली. माझी एक बाजू गेली होती, दुसरी अजून बरी होती. तिने माझा गंज ब्रशने काढला आणि मुठीवर लाल रंगाची पट्टी मारली. अर्थ असा, की ही खाचेला वापरायची नाही, कापलेल्या पट्ट्यांच्या कडांवर राहिलेले धारदार काटे काढायलाच वापरायची.

खणाचं धूड बाहेर गेलं तेव्हा त्या जागी एक स्टूल मावलं. माणसाला आता आत बसून कॅलिपर घालून बघता यायचा. त्या स्टुलावर पहिली बसली छकुली. तिच्या दोन्ही खाचा तिच्या आईने केल्या. मिस्त्री शेजारी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. कडी दाबून छकुलीने मान हलवली. मग आईने खाली बसून बुटाचा बंद बांधला. तिला जरा वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

फळीवर टांगलेली मी पहिल्यांदा शांत झोपले. कुणी कुणाला घासत नव्हतं.

त्यानंतर मिस्त्रींनी चार वर्षं काम केलं. त्यांच्यात आणि छकुलीच्या आईत पूर्वीसारखी थट्टा परत यायला दीड-दोन वर्षं लागली. आली तेव्हा त्या थट्टेचा आवाज जरा खालचा होता. निवृत्त झाल्यावरही ते महिन्या-दोन महिन्यांनी येतात, स्टुलावर बसतात, कुणाची पट्टी लांब झाली ते अजूनही आवाजावरून सांगतात. खोली आता छकुलीच्या आईची आहे. छकुली कॉलेजात जाते.

दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी छकुलीची आई फळी बाहेर ओढते आणि प्रत्येक कानस लोखंडाच्या एका तुकड्यावर चालवून बघते. जी धरते ती परत जागेवर. जी घसरते ती लोहाराकडे. काल मी घसरले. माझी उरलेली बाजूही संपली. तिने पुन्हा एकदा चालवून पाहिलं. मी पुन्हा घसरले.

मिस्त्री स्टुलावर होते. त्यांनी ओळखलं. "ती तीन दाते तुटलेली ना? ती देऊ नका. राहू दे फळीवर, आठवण म्हणून. नाहीतर मला द्या."

मला वाटलं, ती हो म्हणेल. मनातून मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

"आठवण तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "माझ्याकडेही आहे. तिला कानस कशाला लागते? फळीवर राहिली तर एखाद्या गर्दीच्या दिवशी कुणाचा तरी हात हिच्यावर पडेल. माझाही पडेल. आणि तुम्ही घरी नेलीत तरी तिथून ती कुणाच्या हाती जाईल, सांगता येतं का?"

 "खरं आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला मागून घेतलं, टेबलाच्या कडेवर दोन ठोके दिले आणि माझी मूठ काढून टाकली. 

आता मी खिडकीपाशी डब्यात आहे. लोहार दुपारी येईल. भट्टीत मी मऊ होईन, घणाखाली माझे उरलेसुरले दाते मिटतील, मग छिन्नी होईन की खुरपं, ते त्याच्या मनावर आहे.

तुमच्या घरात, कारखान्यात माझ्या बहिणी कुठेतरी एकमेकींवर पडलेल्या असतील. त्यांना एकेकीला टांगा. चार-सहा बोटांची जागा निघते, शोधली तर निघते. आणि त्यांतली एखादी संपली असेल तर तिची दया करू नका. आमच्या दात्यांखाली जे लोखंड येतं त्यावर कुणीतरी भरवशाने पाऊल टाकणार असतं.

छकुलीच्या आईने माझ्या जागी नवी कानस टांगली आहे. तिच्या मागची आकृती पुसून नव्याने काढायला घेतली आहे, कारण ही माझ्याहून थोडी रुंद आहे. बाहेर बाकावर पाच जण बसलेत. पहिला नंबर तिने आत बोलावला.